चौदा तास
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवीत भूगोलाच्या बाईंनी विचारलं होतं, "मुंबईहून न्यूयॉर्कला विमान कुठून जाईल?" मी नकाशावर पट्टी ठेवून अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक असा रस्ता दाखवला. बाई हसल्या. त्यांनी पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला. तो मध्य आशिया, रशिया, आइसलँड असा उत्तरेकडून गेला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून अंश मोजले, जवळपास 113 भरले. अंशाला 111 किलोमीटर, म्हणजे साडेबारा हजार. ताशी 900 धरले तर चौदा तास.

पुढे नोकरीसाठी मी न्यू जर्सीत गेलो आणि हा हिशेब मला पाठ झाला. प्रत्यक्षात मार्ग थोडा वळसा घेतो, चढण्या-उतरण्यात वेळ जातो. पश्चिमेकडून वाहणारे वरच्या थरातले वारे भारताकडे येताना मदत करतात, जाताना अडवतात. म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त लागतो.

एका जानेवारीत रविवारी सकाळी 10 वाजता धाकट्या भावाचा फोन आला. वडील अत्यवस्थ होते. मी म्हणालो, "निघतोच, चौदा तासांचं विमान आहे." कऱ्हाडला तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. त्याने त्यात चौदा मिळवले आणि वडिलांना सांगितलं, "दादा उद्या सकाळी साडेदहापर्यंत येतोय."

तिकीट मिळालं ते रात्री 10 चं. साडेचौदा तासांचा प्रवास, हिवाळ्यातला साडेदहा तासांचा वेळेचा फरक. मुंबईत उतरलो तेव्हा सोमवारचे रात्रीचे 11 वाजले होते. पुढे पासपोर्टची रांग, सामान आणि कऱ्हाडपर्यंत तीनशेवर किलोमीटरचा रस्ता. मंगळवारी सकाळी साडेसातला घरी पोचलो. चौदाचे पस्तीस तास झाले होते.

वडील सोमवारी दुपारीच गेले होते. आई म्हणाली, "सकाळपासून दाराकडेच बघत होते रे."

खरी वेळ सांगितली असती तरी मी पोचलो नसतो. पण त्यांनी माझी अशी वाट पाहिली नसती.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं आज परदेशात आहेत. त्यांना एवढंच सांगा: विमानाचे तास सांगू नका. भारतातली तारीख, भारतातली वेळ आणि घराच्या उंबऱ्यापर्यंतचा हिशेब सांगा.

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. तुमचं गणित बरोबर होतं. दोरा विमानतळापर्यंतच पोचतो, पुढचं मी मोजायला हवं होतं.