एका विषयापुरता प्रवेश



आमची मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, त्याला सात वर्षं झाली. जावई संगणकाच्या क्षेत्रात, एच-१बी व्हिसावर. त्याच्या पत्नीला मिळतो तो एच-४. या व्हिसावर सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना अटींवर कामाचा परवाना मिळू लागला, पण आमची मुलगी त्या अटींत बसत नव्हती. शिकायला मात्र मुभा असते. स्थळ पाहताना आम्ही मुलाचा पगार विचारला, घर विचारलं. आपली मुलगी तिथं दिवसभर काय करील, हे विचारायचं राहिलं.

एके दिवशी तिचा फोन आला. ''अब्बा, माझ्या बी.ए.ची ट्रान्सक्रिप्ट काढून पाठवाल?'' तिला ग्रंथालयशास्त्र शिकायचं होतं. अमेरिकेत ग्रंथपालाच्या पदासाठी बहुधा पदव्युत्तर पदवी लागते. पण पुस्तक मिटून बरीच वर्षं झालेली. एकदम पदवीला प्रवेश घेण्याचा धीर होईना. तिथल्या अनेक विद्यापीठांत आणखी एक दार असतं. पदवीसाठी नाव न नोंदवता पदव्युत्तर वर्गातला एखादा विषय घ्यायचा. वर्ग तेच, परीक्षा तीच, गुणपत्रकही मिळतं.

मी विचारलं, ''पदवी मिळणार नाही, तर एवढी फी कशाला?''

ती म्हणाली, ''अब्बा, तुम्ही तीस वर्षं कविता लिहिताय. कुठली पदवी मिळाली?''

मी निमूटपणे विद्यापीठात गेलो. खिडकीवर गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती दिल्या, चलन भरलं. दोनदा परत पाठवलं गेलं. गुणपत्रिकेवर माझं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं! विवाहाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडल्यावर तिसऱ्या खेपेला सीलबंद लिफाफा हाती आला. पुढं आपली तीन वर्षांची पदवी त्यांच्या चार वर्षांच्या पदवीशी ताडून पाहणाऱ्या संस्थेकडून अहवाल घ्यावा लागला. काही विद्यापीठं आपली पदवी मान्य करतात, काही करत नाहीत. तेव्हा फी भरण्याआधीच लेखी विचारून घ्यावं. तिच्या विद्यापीठानं मान्य केली.

अर्जात एक पानभर लिहायचं होतं: हाच विषय का? मी कविमाणूस, ज्ञानाचा सागर, ग्रंथांचं मंदिर असं बरंच काही लिहून पाठवलं. तिनं ते सगळं खोडलं. लिहिलं एवढंच, की गावच्या वाचनालयात दोन उन्हाळे काम केलं, पुस्तकांच्या नोंदी कशा करतात हे शिकायचं आहे, आणि आठवड्याला इतके तास देऊ शकते. प्रवेश मिळाला.

या वाटेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अनेक ठिकाणी पदवीच्या विद्यार्थ्यांची नोंदणी आधी होते; जागा उरली तर आपली. काही विषयांना प्राध्यापकांची परवानगी लागते. पुढं पदवी हवी असेल तर रीतसर अर्ज पुन्हा करावा लागतो, आणि आधी मिळवलेले श्रेयांक ठरावीक मर्यादेपर्यंतच धरले जातात. ती मर्यादा प्रत्येक ठिकाणी निराळी. आणि मुलांकडे पर्यटक व्हिसावर जाणाऱ्या आईवडिलांनी लक्षात ठेवावं, की त्या व्हिसावर श्रेयांकांसाठी शिकता येत नाही.

तिनं घेतलेला विषय होता ग्रंथसूचीचा. पहिल्या निबंधात तिनं एक प्रश्न घेतला: एकाच लेखकाचं नाव वेगवेगळ्या पुस्तकांवर वेगवेगळ्या तऱ्हेनं छापलेलं असेल, तर सूचीत ते एका जागी कसं आणायचं? विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभा असलेला मी मला आठवलो.

त्या विषयात तिला 'ए' श्रेणी मिळाली. पदवीचा अर्ज तिनं अजून केलेला नाही. मीही विचारत नाही. पण फोनवर आता ती आधी जेवणखाण सांगत नाही, वर्गात काय झालं ते सांगते.

मुलींच्या गुणपत्रिका आपण लग्नानंतर माळ्यावर टाकतो. त्या खाली काढून ठेवा. कधी मागणी येईल, सांगता येत नाही.