जुनी मोटार आणि पेट्रोलच्या नळ्या
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरस्वती महालाच्या या गावात जुन्या वस्तूंच्या जतनाचे महत्त्व सांगावयास नको. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र अनेकांच्या अंगणात अजून उभ्या असलेल्या जुन्या मोटारींविषयी. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीतली. यंत्रविद्येचा अधिकार आम्ही सांगत नाही. प्रत्येक मालकास ठाऊक असावे एवढेच येथे मांडतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट व पुढे पद्मिनी या गाड्या मराठी कुटुंबांबरोबर दूरदूर गेल्या. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. हौशी मालकांनी मात्र आपल्या गाड्या जपल्या आहेत. रंग, क्रोम, गाद्या सारे झळाळते. पेट्रोल वाहून नेणारी रबरी नळी तेवढी कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

या गाडीत टाकी मागे, इंजिन पुढे. मधला बहुतेक मार्ग धातूच्या नळीचा. पंप व कार्ब्युरेटर यांपाशी जोड रबराचा. उष्णतेने रबर कडक होऊन चिरते. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. ऊस, मका, तांदूळ यांपासून होणाऱ्या या मद्यार्काचे पेट्रोलमधील प्रमाण २०२५ साली देशभर सुमारे २० टक्क्यांवर गेले. जुन्या जातीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते, आणि आतून सुटलेले कण कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतात. पंपापुढची नळी फुटली, तर इंजिन चालू असेतो पेट्रोल बाहेर सांडत राहते. जवळच तापलेला एक्झॉस्ट आणि विजेच्या ठिणग्या! कुंभकोणमच्या वाटेवर मुलेबाळे मागे बसलेली असताना असे घडले तर?

तपासणी सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असावे, जागा मोकळ्या हवेची असावी, बॅटरीची तार काढावी, आसपास विडीकाडी नसावी. नळी दाबून व किंचित वाकवून पाहावी. ती लाकडासारखी कडक, चिरलेली, चिकट, ओलसर किंवा क्लिपेपाशी फुगलेली आढळली, तर त्याच दिवशी बदलावी. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालू करूच नये. एक नळी बिघडली तर बाकीच्याही बदलाव्यात, कारण त्यांचे वय तेच. टाकीकडील भाग मेस्त्रीकडून पाहून घ्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

नवी नळी त्याच आतील व्यासाची, इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनविलेली घ्यावी. पाण्याची नळी किंवा पारदर्शक प्लास्टिक कदापि नको. क्लिपाही नव्या लावाव्यात. नळी एक्झॉस्ट व पंखा यांपासून दूर राहील अशी बसवावी. मग इंजिन चालू करून प्रत्येक जोड पाहावा, आणि तारीख वहीत नोंदवावी. पाच वर्षांपलीकडे या रबरावर विसंबू नये. गाडीत लहानसे अग्निशामक साधनही असावे.

वडिलांनी घेतलेली गाडी नातवंडांना दाखविण्याचे सुख मोठे आहे. ते निर्धास्तपणे लाभावे. येत्या रविवारी गाडी धुण्यापूर्वी प्रत्येकाने बॉनेट उघडून या नळ्या पाहाव्यात, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.