जर आणि तर : इंग्रजी क्रियापदांशी थोडी ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मंडळाच्या इंग्रजी वर्गाविषयी मी दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. शिकवणारीला दोन शब्दांत आटोपायला सांगणे कठीणच. तरी प्रयत्न करते.

वर्गात येणाऱ्या भगिनींना शब्द पुष्कळ येतात. टेबल, बँक, डॉक्टर, रिक्षा, मोबाइल हे तर आपल्या घरचेच झाले आहेत. घोडे अडते ते क्रियापदापाशी. काळ कोणता, ‘वुड’ कुठे, ‘शुड’ कुठे, असा प्रश्न पडला की आपण गप्प बसतो. आणि गप्प बसणे नेहमीच परवडत नाही. मुलगा परदेशी असतो, सुनेचे बाळंतपण येते, व्हिसाच्या मुलाखतीला उभे राहावे लागते. नातवंडांच्या शाळेतून बोलावणे येते. मोठ्या इस्पितळात औषध कसे घ्यायचे ते नर्स इंग्रजीत सांगून निघून जाते.

ही अडचण आजची नाही. आपल्या पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी 1854 सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. रमाबाई रानडे इंग्रजी शिकू लागल्या तेव्हा घरातल्याच बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. पण त्यांनी पुस्तक खाली ठेवले नाही, आणि पुढे 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. आनंदीबाई जोशी यांनी 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, भर सभेत इंग्रजीतून भाषण करून आपण अमेरिकेला का जात आहोत ते सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मग आपण पन्नाशी-साठीच्या बायकांनी भ्यावे कशाला?

खरे सांगायचे तर व्याकरणातले पुष्कळसे आपल्याला आधीच येते. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. इंग्रजीतले ‘इफ’ म्हणजे आपला संकेतार्थ, आणि ‘शुड, मे, मस्ट’ ही मंडळी म्हणजे बहुतेक आपला विध्यर्थ. फरक एवढाच की आपण एका ‘-वे’ प्रत्ययात सारे भागवतो. ‘मुलांनी अभ्यास करावा’ यात कर्तव्य आहे, ‘आता पाऊस थांबावा’ यात इच्छा किंवा शक्यता आहे. इंग्रजीत मात्र प्रत्येक कामाला वेगळी बाई ठेवलेली आहे.

औषधाचेच पाहा. ‘यू मस्ट टेक इट’ म्हणजे घेतलीच पाहिजे. ‘यू शुड टेक इट’ म्हणजे घेतलेली बरी. ‘यू मे टेक इट’ म्हणजे हवी तर घ्या. इथवर ठीक. पण ‘यू नीड नॉट टेक इट’ आणि ‘यू मस्ट नॉट टेक इट’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याचा अर्थ ‘घेण्याची गरज नाही’, घेतली तरी बिघडत नाही. दुसऱ्याचा अर्थ ‘घ्यायचीच नाही’. आपल्या ‘घ्यायला नको’ या बोलण्यात दोन्ही अर्थ निघू शकतात, म्हणून आपल्या कानाला हा भेद पटकन लागत नाही. तेव्हा वर्गात आम्ही ही पाच वाक्ये रोज मोठ्याने म्हणतो. परीक्षेसाठी नव्हे, जिवासाठी.

आता काळ. आतून हाक आली की आपण म्हणतो, ‘आले, आले!’ अजून हातातले लाटणे खाली ठेवलेले नसते, पण क्रियापद भूतकाळात. इंग्रजीत तिथे ‘आय ॲम कमिंग’. ‘मी तीस वर्षे पुण्यात राहते’ असे आपण वर्तमानात म्हणतो; इंग्रजीला मागच्या तीस वर्षांचा धागा दाखवावा लागतो : ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर थर्टी इयर्स’. ‘आजी पहाटे उठे, जात्यावर बसे’ हा आपला सुरेख रीतिभूतकाळ. इंग्रजीत त्याला ‘यूज्ड टू’ जोडावे लागते. आणि ‘जरा काम होते तुमच्याकडे’ असे म्हणताना काम आत्ताच असते, तरी अदबीसाठी आपण ‘होते’ म्हणतो ना? तसेच इंग्रजीतले ‘कुड यू’ आणि ‘वुड यू’. रूप भूतकाळाचे, काम अदबीचे. हे एकदा ध्यानात आले की पाठांतर निम्मे होते.

राहिला जर-तरचा मामला. तिथे तीन पायऱ्या आहेत.

पहिली, घडू शकणारी गोष्ट : ‘पाऊस आला तर मी येणार नाही’. ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम’. इथे ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ बसवायचे नाही, एवढे सांभाळा.

तिसरी पायरी आधी सांगते, कारण ती पुणेकरांना समजावून सांगावी लागत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ‘धरण फुटले नसते तर पेठा बुडाल्या नसत्या’. ‘इफ द डॅम हॅड नॉट बर्स्ट, द पेठ्स वुड नॉट हॅव बीन फ्लडेड’. घडून गेले, आता त्यात बदल नाही. म्हणून ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’.

मधली, दुसरी पायरी आपल्याला अवघड जाते. ‘मला इंग्रजी येत असते तर मी बोलले असते’. हे वाक्य कोणत्या दिवसाचे? आजचे, की वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवसाचे? मराठीत दोन्हीला एकच रूप चालते. इंग्रजीत विचारतात, नक्की कधीचे? आजचे असेल तर ‘इफ आय न्यू इंग्लिश, आय वुड स्पीक’. गेलेल्या दिवसाचे असेल तर ‘इफ आय हॅड नोन इंग्लिश, आय वुड हॅव स्पोकन’.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो. वर्गात नव्याने येणारी जवळजवळ प्रत्येक भगिनी हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात बोलते : शिकवले असते तर, मॅट्रिकच्या आधी लग्न झाले नसते तर, घरच्यांनी हसून नामोहरम केले नसते तर. ते दुःख खरे आहे. ते ‘हॅड नोन’मध्ये ठेवावे लागते आणि तिथेच सोडावे लागते. पण त्याच दमात आपण आजचेही वाक्य तिथेच टाकून देतो. ‘न्यू’चे वाक्य आजचे आहे, आणि आजची गोष्ट उद्या पहिल्या पायरीवर आणता येते : ‘इफ आय प्रॅक्टिस, आय विल स्पीक’.

सराव कसा करावा? वही-पेन्सिल घेऊन बसायला वेळ नसेल तर पोळ्या लाटताना एकच क्रियापद घ्या. मी पोळी लाटते, लाटते आहे, लाटली आहे, काल लाटली, उद्या लाटीन. पीठ असते तर लाटली असती. रोज पाच वाक्ये तोंडाने, मोठ्याने. जोडीला शेजारीण असेल तर उत्तम. नातवाने चूक काढली तर त्यालाच उलट विचारा, ‘मग बरोबर काय?’ आपल्या राज्यात 2000 सालापासून मुले पहिलीपासून इंग्रजी शिकत आहेत. घरात फुकटचा मास्तर आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

आणि एक विनंती. वर्गात कोणी चुकले तर कोणी हसू नये. ‘यू मस्ट नॉट लाफ’. इथे ‘शुड’ नाही, ‘मस्ट’च.

वर्गाला जागा आहे, सतरंजी आहे, चहाही मिळतो. आपण याल तर आनंद होईल. हे वाक्य मी पहिल्या पायरीवरचेच समजते.