दाखला हातात देण्याआधी
(बाल व किशोरवयीन वर्तनसमस्यांवरील परिषद, कोल्हापूर : स्वागताध्यक्षीय भाषण)

आदरणीय अध्यक्ष महोदया, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, ठिकठिकाणांहून आलेले मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक, विशेष शिक्षक, बाल कल्याण समितीचे सदस्य, विशेष बाल पोलीस पथकातील अधिकारी, अंगणवाडीताई, आशाताई आणि रजा टाकून, पदरचे पैसे घालून इथवर आलेले आईवडीलहो,

स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं कोल्हापुरात मनापासून स्वागत करतो. बेळगाव-निपाणीकडच्या मित्रांचं थोडं जास्त. त्यांच्याकडचं एखादं मूल घरी मराठीत रडतं, शाळेत कन्नडमध्ये बोलणी खातं आणि दवाखान्यात त्याच्याविषयी इंग्रजीत लिहिलं जातं. त्यांचा अनुभव या परिषदेला फार हवा आहे.

मी डॉक्टर नाही. माझी सगळी नोकरी माध्यमिक शाळेत झाली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. मुलं तुमच्यापर्यंत पोचण्याआधी जिथं असतात, त्या वर्गाच्या बाजूनं मी बोलणार आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता, आणि त्या काळी रुपया ही काही किरकोळ रक्कम नव्हती. त्याच्याही आधी, १९०१ पासून, इथं एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहत होती. खेड्यातलं पोर शाळेत यावं एवढ्यावर महाराज थांबले नाहीत. ते टिकावं म्हणून त्याच्या डोक्यावर छप्पर आणि पानात भाकरी याचीही सोय त्यांनी पाहिली.

आज याच जिल्ह्यात, आणि राज्यात सगळीकडेच, एका प्रकारचं मूल शाळेतून बाहेर पडतं आहे आणि त्याची नोंद कुठंही होत नाही. वर्गात बसून राहत नाही, उलट बोलतं, मारामारी करतं, दप्तरातलं उचलतं, शाळा बुडवतं. आधी डायरीत लाल शेरे येतात. मग पालकांना बोलावणं जातं. मग एक दिवस सौम्य आवाजात सांगितलं जातं, ‘तुम्हीच दाखला काढून न्या, आम्हाला काही लिहायला लावू नका.’ बाप अर्ज करतो, कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ पडतं. शिक्षणहक्क कायद्याचं सोळावं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण पालकानंच अर्ज दिला म्हटल्यावर कायदा कुणी मोडला? आणि आठवी संपली की तेवढंही कवच उरत नाही. नववीत दहावीच्या निकालाची टक्केवारी डोळ्यांसमोर असते. त्या वर्षी अशी मुलं पटावरून कशी गळतात, हे इथं बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

ही मुलं किती? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. त्यात काही राज्यांतल्या १३ ते १७ वयाच्या मुलांचीही पाहणी होती, आणि ७.३ टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. वर्तनसमस्या हा त्यातला एक भाग झाला. तरीही साठ मुलांच्या वर्गात सरासरीनं चार मुलं मदतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात, एवढं तर त्यातून कळतं.

तुमच्या निदानाच्या निकषांत एक गोष्ट आहे जी शिक्षकांनी शिकून घ्यावी असं मला फार वाटतं. अतिचंचलता म्हणायची तर लक्षणं किमान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. गंभीर वर्तनविकारासाठी तर गेल्या बारा महिन्यांचं वागणं पाहतात. म्हणजे निदान करायला काळ लागतो आणि दोन ठिकाणची माणसं लागतात. ‘वांड आहे’ हा निकाल मात्र आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात लागतो, आणि तो पुढच्या वर्गशिक्षकाकडे पटाबरोबर पोचतो.

आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. सातवीतला एक मुलगा. रोज कुणाशी तरी भांडण, बाकावर ठोसे, एकदा तर शेजाऱ्याची वही टराटरा फाडली. त्याच्या वर्गशिक्षिकेनं एका शंभर पानी वहीत तीन रकाने आखले : आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. बाकी शेरा नाही, मत नाही. ‘मराठीचा तास. ओळीनं वाचन सुरू. त्याच्या आधी दोन मुलं उरली. पुढच्याला पेन टोचलं. वर्गाबाहेर उभं केलं.’ दुसऱ्या दिवशी, ‘इतिहास. धडा मोठ्यानं वाचायला सांगितला. बाक आपटला. बाहेर काढलं.’ पानं भरत गेली तसं बाईंच्या ध्यानात आलं की गणिताच्या आणि चित्रकलेच्या तासाला रकाने कोरे आहेत. त्याला वाचता येत नव्हतं. चाळीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा बाहेर उभं राहणं त्याला परवडत होतं, आणि शिक्षा म्हणून आम्ही त्याला नेमकं तेच देत होतो. पुढं तपासणीत अध्ययन-अक्षमता निघाली. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सोय महाराष्ट्रात १९९६ पासून आहे. पण सवलतीचा कागद आला म्हणून तो सुधारला असं मी म्हणणार नाही. मोठ्यानं वाचायची सक्ती थांबली आणि एक ताई त्याच्याजवळ बसून अक्षरं फोडून शिकवू लागली, तेव्हा मारामाऱ्या कमी झाल्या.

मुलींची तऱ्हा वेगळी. खिडकीबाहेर बघत बसणारी, वह्या हरवणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी अशा वहीत येतच नाही. तिचं लक्ष लागत नाही याची कुणाला तोशीस पडत नाही, म्हणून तिला तुमच्याकडे कुणी आणत नाही. या परिषदेनं त्या मुलीसाठी थोडा वेगळा वेळ काढावा.

उपचारांविषयी तुमच्यासमोर बोलणं माझ्या अधिकारातलं नाही. पालकांच्या मनात काय चालतं ते मात्र सांगू शकतो. पहिलं म्हणजे अपराधीपणा. ‘संस्कार कमी पडले’ हे आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे आईलाच सांगतात. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं घराघरांत जाऊन आईवडील आणि मुलं यांच्यातली रोजची झटापट नोंदवली. आई सांगते, मूल किंचाळतं, आई थकून माघार घेते. मूल शिकतं की किंचाळलं की सुटका होते, आणि आई शिकते की माघार घेतली की घर शांत होतं. दोघंही एकमेकांच्या हातून त्या चक्रात ओढली जातात, आणि दोघांतलं वाईट कुणीच नसतं. म्हणून लहान वयात पहिला उपचार पालकांच्या प्रशिक्षणाचा : एका वेळी एकच सूचना, चांगलं वागलं की तिथल्या तिथं आणि नेमकं कौतुक, शिक्षा छोटी पण ठरलेली. हे आईला रागावून शिकवता येत नाही. तिच्या बाजूला बसून शिकवावं लागतं, आणि बापालाही त्यात बसवावं लागतं.

दुसरी भीती गोळीची. ‘सवय लागेल’, ‘पोर मंद होईल’. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अतिचंचल मुलांचं वर्णन केलं, १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी उत्तेजक औषधानं मुलं अभ्यासात स्थिर होतात हे पाहिलं. म्हणजे हा काल-परवाचा प्रयोग नाही. अतिचंचलतेत योग्य मुलाला योग्य मात्रेत औषधाचा चांगला उपयोग होतो, हे पालकांना तुम्ही त्यांच्या भाषेत, घाई न करता सांगा. आणि ज्या मुलाचा खरा त्रास घरातली दारू किंवा मारहाण आहे, त्याच्या चिठ्ठीवर नुसती गोळी लिहून त्याला परत पाठवू नका, ही हात जोडून विनंती.

आमचा जिल्हा सधन म्हणून ओळखला जातो. पण इचलकरंजीत यंत्रमागाच्या रात्रपाळीहून आलेला बाप सकाळी झोपलेला असतो, तेव्हा मूल शाळेला निघतं. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेलं मूल अर्धं वर्ष इथं आणि अर्धं गावी असतं. त्याच्या वागण्याची सहा महिन्यांची नोंद ठेवायची कुणी? २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळकडची गावं घरातला चिखल उपसत होती. अशा वेळी अंथरूण ओलं करणाऱ्या, विनाकारण अंगावर धावून जाणाऱ्या मुलाला धपाटाच मिळतो. भीती मुलांत अशीही बाहेर येते, हे तेव्हा सांगायला कुणी तरी हवं असतं.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, आणि अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता त्याच्या यादीत आहेत. दात आणि डोळे पाच मिनिटांत तपासून होतात. वागणं मात्र पाच मिनिटांत दिसत नाही, अनोळखी डॉक्टरांसमोर तर सगळीच मुलं शहाणी असतात. त्या दिवशी वर्गशिक्षकानं तीन रकान्यांची वही पथकाच्या हाती दिली, तर चित्र बदलेल. पैसा लागत नाही, फक्त तसा एक आदेश निघायला हवा. या परिषदेच्या ठरावांत हा ठराव असावा, असं स्वागत समिती सुचवते.

दुसरा ठराव दाखल्याचा. वागण्याच्या तक्रारी असलेल्या मुलाचा दाखला, इयत्ता कुठलीही असो, समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची भेट झाल्याशिवाय शाळेनं देऊ नये. शाळा सुटली की त्या मुलाचा उपचारही सुटतो. त्याला रोज पाहणारं, औषध लागू पडलं का हे सांगणारं कुणी राहत नाही, आणि नाक्यावरची टोळी त्याला लगेच सामावून घेते. शिक्षकांवरचा भार मला ठाऊक आहे. मारायचं नाही हे कायद्यानं सांगितलं आणि ते योग्यच झालं, पण मग करायचं काय, हे फार थोड्यांना कुणी शिकवलं. याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांना धाक न घालता मराठी शाळा चालते हे दाखवून दिलं. आमच्या पेठांतल्या तालमी आणि फुटबॉल संघांनीही वर्गात न मावणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत. त्या वस्तादांना आणि प्रशिक्षकांना आम्ही मुद्दाम निमंत्रण दिलं आहे, ते मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना पुढं बोलवा.

पहिलं सत्र आम्ही शिक्षक आणि पालकांसाठी ठेवलं आहे, तज्ज्ञांचे निबंध त्यानंतर. कार्यक्रमपत्रिकेत हा क्रम उलटा वाटेल, तो विचारपूर्वक लावला आहे. काही पालक आपल्या मुलांना घेऊन आले आहेत. शेजारच्या दालनात त्यांच्यासाठी खेळाची जागा आहे, तिथून आवाज येईल, तो येऊ द्यावा. पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रं स्वीकारण्याची विनंती करतो.