पोपट गप्प राहिला तर



आपल्या इथली बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये, दुसऱ्या महायुद्धासाठी बांधली. आज तिथून शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात आणि पोरापोरींनो, तुमच्या वर्गातल्या माना खिडकीकडे वळतात. वळू द्या. मी तर हवाई दलात रडारपुढे बसून आयुष्यभर तेच केलं.

रडारवर ठिपका दिसतो; तो कुणाचा, ते दिसत नाही. 6 सप्टेंबर 1939. युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले होते आणि ब्रिटिश स्पिटफायरनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली. एक वैमानिक गेला.

तोडगा तुमच्या धानाच्या बांधीतच आहे. सारसाची जोडी ऐकलीत ना? एकानं साद घातली की दुसरा लगेच सूर मिळवतो. तसंच हे. आजच्या यंत्रात 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो आणि समोरच्या विमानातला ट्रान्सपॉन्डर 1090 वर आपोआप उत्तर देतो. युद्धकाळातल्या अशा यंत्राला इंग्रजांनी सांकेतिक नाव ठेवलं होतं ‘पॅरट’, म्हणजे पोपट. बॉम्बफेकी विमानांतले हे पोपट चालूच राहायचे. मग जर्मनही त्यांना प्रश्न विचारू लागले आणि उत्तरावरून विमानं हुडकू लागले. पोपटानं मालकाचाच पोपट केला! पुढे प्रश्नोत्तरं गुप्त संकेतांत आली ती त्यामुळेच.

तरी एक फट उरतेच. उत्तर आलं तर तो आपला. नाही आलं तर? शत्रू असेल, यंत्र बिघडलं असेल, नाहीतर बंद असेल. 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगामला आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही आपली मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केलं. या यंत्रणेला ‘मित्र की शत्रू’ म्हणतात, पण त्यातलं तिला मित्रापुरतंच कळतं. शत्रू माणसालाच ठरवावा लागतो, तोही काही सेकंदांत.

आता बक्षिसांची घाई दिसतेय, म्हणून एकच गृहपाठ देतो. नागरी विमानांतही याच पोपटाचा वंशज असतो. वैमानिक त्यात चार आकडी संकेत भरतो. असे संकेत होतात 4096, दहा हजार नाही. 8 आणि 9 कुठे गेले, ते उद्या गणिताच्या सरांना विचारा.