फिटनेसच्या कागदाआधी



दीक्षान्त भाषणात सेवा, त्याग, समाजाचं ऋण यांवर बोलायची रीत आहे. आज पदवी घेणाऱ्या तुम्ही डॉक्टरांनी ते पुष्कळ ऐकलंय. मी एका ऑपरेशनबद्दल बोलणार आहे, आणि ते तुमच्यातले बहुतेकजण आयुष्यात कधी करणार नाहीत. वजन कमी करायचं ऑपरेशन, म्हणजे बेरिअॅट्रिक सर्जरी. हा मुंबईतल्या श्रीमंतांचा विषय वाटत असेल, तर आपल्या खान्देशात पाचोरा, चोपडा, शिरपूर, साक्री इथल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून पाहा. २०११ साली नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा घराघरांत त्याची चर्चा झाली. आता रुग्ण मोबाईलवर व्हिडिओ बघून येतो आणि थेट विचारतो, "डॉक्टर, स्लीव्ह करू की बायपास?" हे या ऑपरेशनचे दोन प्रकार.

आपल्याकडे याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. 'तोंडावर ताबा ठेवा' हे एक, आणि 'तो आमचा विषय नाही, मुंबईला दाखवा' हे दुसरं. दोन्ही आळसाची आहेत.

ऑपरेशन दोन-तीन तासांत आटोपतं. त्याआधीची कित्येक वर्षं आणि नंतरचं सगळं आयुष्य तो माणूस तुमच्याच गावात काढतो. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर, धुळ्याहून सव्वातीनशेच्या आसपास. चक्कर आली, उलट्या झाल्या, गुडघा दुखला, तर तो मुंबईची गाडी पकडत नाही, तुमच्याकडे येतो. आणि ऑपरेशनच्या आधी एकदा येतो तो कागद घेऊन: "सर्जननी फिटनेस मागितलाय." ईसीजी, शुगर, छातीचा एक्स-रे, सही, शिक्का. याला तयारी म्हणत नाहीत.

तयारी केसपेपरवर सुरू होते. आपल्याकडचे केसपेपर उघडून बघा. बीपी लिहिलेलं असतं, औषधं लिहिलेली असतात, वजनाची जागा कोरी. वजनकाटा कोपऱ्यात, त्याच्यावर औषधांची खोकी. आता विम्याची अट ऐका. आरोग्य विम्यात या ऑपरेशनचा खर्च मिळायचा असेल, तर वय किमान १८ हवं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४० किंवा त्याहून जास्त हवा, नाहीतर किमान ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा. शिवाय साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दिसावं लागतं. ते दाखवणार कोण? सर्जनकडे तो पहिल्यांदाच गेलेला असतो. गेल्या काही वर्षांत वजन किती होतं, आहार काय सांगितला, किती उतरलं, पुन्हा किती चढलं, हे फक्त तुम्ही लिहू शकता. तुम्ही लिहिलं नाही, तर लाखांचा दावा अडकतो आणि त्या घराला शेत किंवा सोनं गहाण टाकावं लागतं.

विम्याचे आकडे आणि शास्त्राचे आकडे एक नाहीत, हेही लक्षात ठेवा. ४० आणि ३५ ही मर्यादा अमेरिकेत १९९१ साली ठरली. भारतीयांसाठी आपल्या तज्ज्ञांनी ती ३७.५ आणि ३२.५ वर आणली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासूनच ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं म्हटलं. याचं कारण एका गमतीदार फोटोत सापडतं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे दिसले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजा: पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० च्या पुढे गेली की सावध व्हायचं.

आता जे पुण्या-मुंबईच्या सर्जनला सुचेलच असं नाही, ते तुम्हाला सुचलं पाहिजे. आपला भाग सातपुड्याच्या पायथ्याचा. भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे. भूल देताना प्राणवायू कमी पडला, शरीर कोरडं पडलं किंवा थंड पडलं, तर सिकलसेलच्या रुग्णाला जिवावरचा त्रास होऊ शकतो. सॉल्युबिलिटी टेस्ट स्वस्त आहे, सरकारी यंत्रणेत होते; ती इथेच करून घ्या, पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने पक्कं करा. दुसरी गोष्ट, सिकलसेलमध्ये किंवा तीव्र रक्तक्षयात एचबीए१सी, म्हणजे सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, फसवते. कागदावर ६.५ दिसतं आणि रुग्णाची रोजची शुगर अडीचशे असते. अशा वेळी बोटातून रक्त घेऊन मोजलेल्या शुगरच्या नोंदींवर विश्वास ठेवा आणि रेफरच्या चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहा.

सांधेदुखीच्या पुड्यांबद्दलही विचारा. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या, रंगीत कागदात बांधलेल्या. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. वजन त्यानेच वाढलेलं असू शकतं, आणि ती पुडी एकाएकी बंद करून रुग्ण टेबलावर गेला तर बीपी कोसळू शकतं. थायरॉइड तपासा. बिडी-सिगारेट ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी सुटायला हवी, कारण धुराने जखम भरत नाही आणि आतल्या जोडावर अल्सर होतो. तंबाखू आणि मिसरीबद्दल बायकांनाही विचारा. त्या आपणहून सांगत नाहीत.

घोरण्याबद्दल विचारा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या आपल्या भागात कोण घोरतं हे शेजाऱ्यांनाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त डॉक्टरला. झोपेत श्वास थांबत असेल, तर भूलतज्ज्ञाला ते आधी कळायला हवं.

ऑपरेशनआधी दोन ते चार आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. चरबीने सुजलेलं यकृत त्याने लहान होतं आणि दुर्बिणीने जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. तारीख आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची असेल, तर आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळीचं काय करायचं हे घरच्यांना समोर बसवून ठरवा. ऑपरेशननंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोटात मावतं अर्धी वाटी. वरण-बट्टीवर हे गणित जमत नाही, बट्टी जागा खाते. आणि ज्या घरांत अंडंही चालत नाही, तिथे बी१२ आधीच तळाला असतं. बी१२, लोह, ड जीवनसत्त्व ऑपरेशनआधी तपासून भरून काढा. गोळ्या नंतर जन्मभर आहेत हे आधीच सांगा. जन्मभर हा शब्द ऐकून जो उठून जातो, तो अजून तयार नाही, इतकंच.

"पोरीला बघायला येणार आहेत, त्याआधी करून टाका" म्हणणारे आईबापही येतील. लग्नाचा मुहूर्त हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही. वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि नेमकं ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भ टाळायचा असतो. हे त्या मुलीला एकटीला बसवून सांगा. सासरी कळलं नाही पाहिजे, असं ती म्हणेल. तिचं गुपित तुम्ही जपायचंच आहे, पण ते तुमच्यापुरतं तरी उघड असू द्या. ज्याला ऑपरेशन झाल्याचं माहीत नाही असा डॉक्टर बायपास झालेल्या बाईला गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक देतो आणि आतल्या जोडावर अल्सर फुटतो. चार दिवस उलट्या होणाऱ्याला तो खान्देशी सवयीने ग्लुकोजची सलाईन लावतो, थायामिन न देता, आणि मेंदूला कायमची इजा होते. मधुमेहाच्या जुन्याच गोळ्या तो चालू ठेवतो, आणि रुग्ण शुगर उतरून बेशुद्ध पडतो. तिन्ही गोष्टी टाळता येतात. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत ठेवून घेतली की पुरे.

२०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनं आपल्याही बाजारात आली आहेत. चांगली आहेत, पण बंद केली की वजन बहुतेकदा परत चढतं. रुग्ण ती घेत असेल तर भूलतज्ज्ञाला कळवा, कारण जठर उशिरा रिकामं होतं.

आणि बोलताना जपून. "डाक्टर, मी पानी पेस तरी वजन वाढस," असं सांगणाऱ्या बाईला हसू नका. लठ्ठपणात आनुवंशिकता आहे, झोप आहे, औषधं आहेत, गरिबी आहे. हसलात तर ती पुन्हा येणार नाही, आणि थेट जाहिरात बघून कुठेतरी टेबलावर चढेल.

पदवीबद्दल अभिनंदन. माझी मागणी एवढीच आहे: जिथे रुजू व्हाल तिथल्या वजनकाट्यावरची खोकी पहिल्याच दिवशी उतरवा, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं वजन, उंची, कंबर केसपेपरवर लिहायला लागा.