डीजेवाल्याशी करार करण्यापूर्वी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला हा विषय दिला तेव्हा प्रथम मला हसू आले. स्नेहसंमेलनात डीजेवाल्याच्या करारावर भाषण! परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपल्या घरांतून अलीकडे झालेली लग्ने आठवून पाहिली आणि ध्यानी आले की, पूर्वी मानपानावरून जे रुसवे होत ते आता हळदीच्या रात्रीच्या वाजविण्यावरून होतात. आणि रुसव्याबरोबर पैसाही जातो.

प्रथम घरचीच हकीकत सांगतो. माझ्या पुतणीची हळद बदलापुरास होती, तीही उघड्या मैदानात मांडव घालून. डीजेवाला सोयऱ्यांपैकीच एकाने सुचविलेला. म्हणून सारे तोंडी ठरले. अर्धी रक्कम आगाऊ दिली, पावती मागण्याचा संकोच वाटला. सायंकाळी सात वाजता यावयाचा तो गृहस्थ साडेआठापर्यंत आला नाही, आणि मग आला तो त्याचा एक पोरसवदा मदतनीस. मालक स्वतः त्याच रात्री अंबरनाथच्या दुसऱ्या हळदीत गुंतले होते! सामान लावण्यात नऊ वाजून गेले. दहाच्या ठोक्याला पोलीस आले आणि सारे शांत झाले. परवानगीचा कागद कोणाजवळ? आम्हांस वाटे तो त्याने काढला असेल; त्यास वाटे तो आम्ही. पाऊण तासाच्या वाजविण्यासाठी त्याने पुरी रक्कम मागितली, आणि मुलीच्या हळदीत तमाशा नको म्हणून माझ्या भावाने ती दिली. ते पैसे पतपेढीच्या कर्जातील होते. मुलगी सासरी नांदते आहे. हप्ते अजून चालू आहेत.

आपणांस वाटेल, उशीर कोणास होत नाही? परंतु येथेच सारी मेख आहे. मंडपवाला तासभर उशिरा आला तर काम पुढे ढकलता येते. डीजेचा उशीर भरून निघत नाही, कारण पुढचे टोक कायद्याने बांधलेले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. अपवाद बंदिस्त सभागृहाचा, आणि तोही आवाज आतल्या आत राहील तोवर. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे खरा, परंतु ती सण-उत्सवांसाठी आहे. आपल्या घरचे लग्न त्यात बसत नाही. म्हणून करारात पहिली गोष्ट लिहावयाची ती ही की, सामान किती वाजता पोहोचेल आणि पहिले गाणे किती वाजता लागेल. ‘संध्याकाळी’ हा शब्द चालू देऊ नये. त्याच दिवशी त्याचे दुसरीकडे काम आहे काय, हेही स्पष्ट विचारावे. उल्हासनगरहून सामानाचा टेम्पो बदलापुरास यावयाचा तर सायंकाळच्या रस्त्यावर तो कसा रखडतो, हे आपणांपैकी कोणास सांगावयास नको.

दुसरे, माणसाचे नाव. करार दुकानाच्या नावाशी नव्हे, वाजविणाऱ्या माणसाच्या नावाने व्हावा आणि बदली माणूस आपल्या संमतीवाचून येऊ नये.

आता परवानगी. ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी लागते. ती कोण काढणार हे लिहावे आणि आगाऊ रकमेचा दुसरा हप्ता तो कागद डोळ्यांनी पाहिल्यावरच द्यावा. आवाजाचीही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर तो त्या भागाच्या ठरीव पातळीहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल त्यापेक्षा अधिक असू नये. निवासी भागाची दिवसाची पातळी ५५ आहे. म्हणजे तेथे मर्यादा ६५ झाली. इस्पितळ, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो, तेथे नियम याहून कडक. मग चार बेस आणि चार टॉप कशासाठी घ्यावयाचे? जो आवाज कायद्याने काढता येत नाही, त्याचे भाडे मात्र आपण भरतो. (तरुण मंडळी माझ्याकडे रागाने पाहत आहेत, हे मला दिसते आहे.)

कित्येकदा बिलात ‘गाण्यांचे लायसन्स’ असे एक कलम येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये विवाहाची वरात आणि विवाहाशी निगडित इतर समारंभ यांस सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये ही गोष्ट जाहीर सूचनेने पुन्हा सांगितली आहे. तेव्हा हळदीसाठी ते पैसे मागितल्यास कशाचे, हे नम्रपणे विचारावे. व्यापारी कार्यक्रमाची गोष्ट निराळी.

वीज गेली तर जनरेटर कोणाचा व डिझेल कोणाचे, आणि मे अखेरीस वळवाचा पाऊस आला तर सामान झाकण्याची जबाबदारी कोणाची, हे दोन ओळींत लिहून होते.

राहता राहिला पैसा. आगाऊ रक्कम बँकेतून किंवा मोबाइलवरून द्यावी, म्हणजे नोंद राहते. कार्यक्रम रद्द झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परत, हे ठरवावे. आणि उशिराबद्दल दर अर्ध्या तासामागे किती कपात, तो आकडा घालावा. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की, करारात भरपाईचा आकडा असल्यास न्यायालय त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाई देऊ शकते. म्हणून आकडा अवास्तव नसावा. तंटा झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही. तोंडी करारही करारच असतो. परंतु आयोगापुढे सोयरे साक्षीस उभे राहतील काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

न्याय मात्र दोन्ही बाजूंनी हवा. तो बिचारा वेळेवर आला आणि आमचेच पाहुणे नऊला जमले, तर त्याचे पैसे कापता येणार नाहीत. दहा वाजता तो बंद करील तेव्हा ‘आणखी एकच गाणे’ म्हणून त्याच्या अंगावर जाणारे आपलेच भाचे-पुतणे असतात. त्यांस आवरण्याचे काम यजमानाचे, हेही कागदावर असावे. त्याला आणि त्याच्या पोरांना जेवू घालावे, आणि उरलेली रक्कम त्याच रात्री पावती घेऊन चुकती करावी.

या साऱ्या कलमांचा एक पानी मसुदा मी करून आणला आहे. त्याच्या प्रती दाराशी चिटणीसांकडे ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी जाताना दोन-दोन घ्याव्यात. एक आपली आणि एक त्याची.